शुक्रवारची पाहणी

ओल्या चुन्याला खोल विहिरीच्या तळाशी असतो तसा वास असतो: थंड, किंचित आंबट, दगडाला घाम फुटावा तसा. भिंत वाळली की तो जातो. त्या शुक्रवारी सकाळी आमच्या शेवटच्या गाळ्याचं शटर वर सरकलं आणि तो वास अंगावर आला, तेव्हा मला प्रसन्न वाटलं होतं. ते तसंच लिहून ठेवणं भाग आहे.

एरवी त्या गाळ्याला असा वास नसे. तिथे यंत्राच्या तेलाचा, सुताला दिलेल्या खळीचा आणि बारा तासांच्या घामाचा एक जाड थर असे, आणि नाकाला तो कळण्याआधी कान भरून जात. मागांची धडधड दुरून ऐकली तर एकसुरी वाटते. आत उभं राहिलं की ती तळपायांतून वर चढते, दातांत येऊन थांबते. हवेत कापसाचं तूस तरंगत असतं. ते पापण्यांवर बसतं, ओठांवर बसतं, आणि चहाच्या पेल्यात तर साय धरावी तसं धरतं. लहानपणी मी त्या गाळ्याच्या भिंतीला गाल लावून उभी राहायचे. भिंतीच्या आत कुणीतरी धावतं आहे, असं मला वाटायचं.

वडिलांनी खाडीकडच्या भातखाचरात भराव घालून हे चार गाळे बांधले, वर सिमेंटचे पत्रे चढवले आणि ते यंत्रमागवाल्यांना भाड्यानं दिले. त्यांच्यामागे ते माझ्या नावावर आले. मी कॉलेजात मराठी शिकवते. भिंतींमधलं मला फार कळत नाही. पण गाळ्यांसमोरचा रस्ता दर काही वर्षांनी नव्या काँक्रीटनं उंच होत गेला आणि गाळे जागच्या जागी बुडत गेले, एवढं कुणालाही दिसण्यासारखं होतं. वडिलांच्या काळी दोन पायऱ्या चढून आत जावं लागे. आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. पाणीही तसंच उतरून आत येई. शेवटच्या गाळ्याच्या दक्षिणेला नाला आहे, आणि त्या बाजूची भिंत वर्षाचे बाराही महिने गुडघाभर ओली असे.

त्या भिंतीबद्दल मला पहिल्यांदा सांगितलं ते अक्कानं.

अक्का कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात सुताची जी नळी बसते ती कांडी. ती सतत रिकामी होते आणि कुणाला तरी सतत भरत राहावं लागतं. अक्काचं घर तेलुगू, पण भिवंडीत जन्म गेलेला, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच. नवरा गेल्यापासून ती याच गाळ्यात, दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून बसलेली असे, कारण वरच्या दोन पत्र्यांच्या फटीतून उजेड तिथेच पडतो. बारीक सूत तुटलं तर दिसायला हवं.

त्या दिवशी मी भाडेकरूला काही कागद द्यायला गेले होते. तिनं हातानं खूण करून मला जवळ बोलावलं, कानाशी तोंड आणलं आणि ओरडून म्हणाली, "ताई, ही भिंत आधी नुसती हलायची. आता ढकलते."

"ढकलते म्हणजे?"

"बसा की. माझ्या जागेवर बसून बघा."

मी बसले. पाठ टेकली. मागांच्या प्रत्येक ठोक्याबरोबर भिंत माझ्या पाठीला थोडी पुढे लोटत होती आणि पुन्हा आपल्या जागी जात होती. गर्दीत मागे उभं असलेलं माणूस नकळत रेटतं ना, तसं. 

सगळे म्हणाले, परवानगी कशाला मागतेस. आई म्हणाली, "चार दिसांत नवी भिंत उभी कर न मोकली हो. आख्ख्या भिवंडीन कोन कागद घेऊन भिंत बांधतंय गो बाय?" वळ गावात राहणारा माझा चुलतभाऊ म्हणाला, पाडून टाक सगळं, गोडाऊन कर, आमच्याकडे बघ. पण मला ते काम नीट व्हायला हवं होतं: नवी भिंत, तिच्यात लोखंडी खांब, जोतं रस्त्याच्या वर, नाल्याकडे पक्कं गटार, आणि मागच्या बाजूनं बाहेर पडायला एक दार. असं काम चोरून होत नाही. मी नकाशे काढून घेतले आणि अर्ज केला.

अर्जाचा मजकूर मी स्वतः लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'यंत्रे चालू असताना दक्षिणेकडील भिंत श्वास घेत असल्याप्रमाणे आत-बाहेर होते.' बांधकाम परवानगीच्या विभागातल्या तरुण इंजिनिअरनं ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि शेजारच्या टेबलाकडे बघत म्हणाला, "भाऊ, भिंत श्वास घेते म्हणतात मॅडम. फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात टाकू?"

शेजारचा कारकून म्हणाला, "जन्म-मृत्यू विभागात पाठवा."

दोघंही हसले, आणि मीही हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता. इंजिनिअरनं मग शांतपणे समजावून सांगितलं. भिंत धोकादायक ठरली, तर आहे त्याच जागी, आहे त्याच मापात ती नव्यानं बांधायची परवानगी मिळते. धोकादायक ठरली नाही, तर तेच काम नवीन बांधकाम धरलं जातं, आणि नवीन बांधकामाला रस्त्यापासून आणि नाल्यापासून अंतर सोडावं लागतं. नकाशावर त्यानं पेन्सिलीनं ते अंतर आखून दाखवलं. पेन्सिल शेवटचा गाळा पूर्ण ओलांडून तिसऱ्यात शिरली.

"म्हणजे सगळं पाहणीवर आहे," मी म्हणाले.

"सगळं पाहणीवर. साधा अर्ज करा, श्वासबिश्वास काढा. मी स्वतः येतो. कधी येऊ सांगा."

ते त्यानं मला विचारलं होतं. दिवस मी ठरवायचा होता.

इथे भिवंडीची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे मागांची सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी सगळ्या गल्ल्या एकदम गप्प होतात, आणि आठवडाभर खुणांनी चाललेलं बोलणं तोंडानं सुरू होतं. भाडं वाढवायचं असेल, भांडण मिटवायचं असेल, मुलीसाठी स्थळ पाहायला माणसं बोलवायची असतील, तर शुक्रवार. वडील कुणालाही गाळे दाखवायचे ते शुक्रवारीच. पाहुण्याच्या कपड्यांवर तूस बसू नये, त्याला आपला शब्द ऐकू यावा, एवढाच त्यामागचा आदर. कुठल्याही महत्त्वाच्या माणसाला मी इतर कुठल्या दिवशी गाळ्यात आलेलं पाहिलेलं नाही.

तरीही घरी येऊन मी आईला विचारलंच. ती म्हणाली, "शुक्रवारी बोलव. बाकीच्या दिसी त्या धडधडीन त्याला तुजा सबूद तरी आयकू येल का?"

मी शुक्रवार कळवला.

आणि शेवटचे दोन गाळे चालवणारे भाडेकरू, ज्यांना वडिलांच्या वेळेपासून आम्ही चाचा म्हणतो, त्यांनी गुरुवारी संध्याकाळी माग थांबल्यावर भिंतीच्या भेगांत सिमेंट भरलं आणि वरून चुना फासला. सकाळी मी पोहोचले तेव्हा ते दारात उभे होते. पांढरा कुर्ता, डोळ्यांत सुरमा, हातावर चुन्याचे वाळलेले ठिपके.

"चाचा, भेगाच तर दाखवायच्या होत्या."

"अरे बेटी, साहब पहली बार आ रहे हैं. दीवार का मुँह फटा हुआ दिखे, अच्छा लगता है? दरार का तो मैं बता दूँगा ना मुँह से."

मी आत गेले. झाडलेली, पुसलेली फरशी पाहिली, थांबलेल्या मागांच्या रांगा पाहिल्या, त्यांच्यावरचं अर्धं कापड पाहिलं. पत्र्याच्या फटीतून उजेडाची पट्टी पडली होती आणि तिच्यात तुसाचा एकही कण तरंगत नव्हता. अक्का सुट्टीवर होती. तिचा चरखा जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं झाकलेला होता. मी तो चुन्याचा वास छातीभर घेतला.

इंजिनिअर वेळेवर आला. फरशी इतकी स्वच्छ पाहून त्यानं दारातच बूट काढले. चाचा "नहीं नहीं साहब" करत राहिले, पण तो मोज्यांवरच आत आला. तो प्रामाणिक माणूस होता. मला त्याच्याविषयी दुसरं काही म्हणता येणार नाही. त्यानं लहान हातोडीनं भिंत ठिकठिकाणी ठोकून ऐकली. चाचांनी बोटानं भेगा दाखवल्या, म्हणजे जिथे त्या काल होत्या त्या जागा दाखवल्या. मग अक्काच्या पाटावर उभं राहून त्यानं वरून ओळंबा सोडला.

पितळेचा तो लंबक दोऱ्याच्या टोकाला दोन-चार वेळा हलला आणि स्थिर झाला. इतका स्थिर, की दोरा हवेत ओढलेल्या रेघेसारखा दिसू लागला. मी त्याच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्या गाळ्यात पूर्ण थांबलेली अशी एकही वस्तू मी पाहिली नव्हती, आणि ती मला सुंदर वाटली.

"थोडा फुगवटा आहे," तो म्हणाला. खाली उतरून त्यानं दोन्ही तळहात भिंतीला टेकवले आणि डोळे मिटले. बराच वेळ तसा उभा राहिला. मग हातांवरचा चुना झटकत माझ्याकडे वळून हसला. "मॅडम, श्वास काही लागत नाही."

मीही हसले. चाचांनी मलईचा चहा मागवला. कुणी काही विसरलं आहे, असं कुणाच्याच मनात आलं नाही.

अहवालाचं पत्र महिन्याभरानं आलं. 'प्रत्यक्ष स्थळपाहणीवेळी सदर भिंतीत कोणतीही कंपने अथवा ताज्या भेगा आढळून आल्या नाहीत. सबब सदर बांधकाम धोकादायक संवर्गात घेता येत नाही.' पुढे अंतर सोडून नवा नकाशा सादर करण्याची सूचना होती. मी ते पत्र घराच्या जिन्यात उभी राहून वाचलं. 'पाहणीवेळी' या शब्दाशी आले आणि तिथून पुढे जाता येईना. कठड्यावर हात ठेवला होता. मागच्या गल्लीतले माग चालू होते, आणि कठडा हातात बारीक थरथरत होता.

आयुष्य त्या थरथरीत काढलेली आम्ही तिघं माणसं: चाचा, आई आणि मी. ती आमच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती थांबवून आम्ही भिंत दाखवली आणि आमच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी फेरपाहणीचा अर्ज दिला. त्यात लिहिलं: 'यंत्रे चालू असताना, शुक्रवार वगळून कोणत्याही दिवशी.' आवक खिडकीवर शिक्का बसला. इंजिनिअर दुसऱ्या कामावर गेला होता. तारीख कळवू, असं सांगण्यात आलं. पहिल्या पाहणीचा दिवस मीच निवडला होता, हे मी अर्जात लिहिलं नाही. चाचांनाही सांगितलं नाही. त्यांना एवढंच म्हणाले, की पुन्हा बघायला येणार आहेत.

"फिर से क्यों? साहब ने तो पास कर दिया."

"पास नाही केली चाचा. धोका नाही म्हणालेत."

"वही तो!" त्यांचा चेहरा उजळला. गाळा सील होईल या भीतीनं ते कित्येक आठवडे नीट जेवले नव्हते. "धोखा नहीं है. अल्लाह का शुक्र है."

अहवाल येईपर्यंत मी अक्काला भिंतीपासून उठवून दाराशी बसवलं होतं. तिथे उजेड नव्हता. तिचं सूत तुटे, कांड्या कमी भरत, माग अडून राहत आणि मागावरची माणसं तिच्यावर खेकसत. अहवाल आल्याचं चाचांनी सगळ्यांना सांगितलं, आणि पुढच्या फेरीला मी गेले तेव्हा अक्का पुन्हा तिच्या जुन्या जागेवर होती. मला पाहून तिनं चरखा न थांबवता हात वर केला आणि ओरडली, "साहेबानं सांगितलं, बसा!"

मी तिच्याजवळ गेले. तिच्या कानाशी वाकले. तेव्हा मी सांगू शकले असते. त्या धडधडीत सांगण्यासाठी ओरडावं लागलं असतं: मी चुकले, मी त्याला बंद भिंत दाखवली, ऊठ इथून. एवढं मोठ्यानं ते मला म्हणवेना. मी म्हटलं, "जरा पुढे सरकून बसत जा."

ती वीतभर पुढे सरकली. मी समोर होते तोवर तशीच बसली असेल.

मंगळवारी दुपारी मी वर्गावरून बाहेर येत होते तेव्हा चाचांचा फोन आला. चाचा फोनवर नेहमी ओरडूनच बोलत, कारण त्यांच्यामागे माग चालू असत. त्या दिवशीही ते ओरडत होते, पण त्यांच्या आवाजामागे काहीच नव्हतं. मागांचा एक ठोकाही नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आज शुक्रवार आहे का.

मी पोहोचले तोवर तिला बाहेर काढून नेलं होतं. भिंत कमरेपासून वर आत कोसळली होती. नाल्याकडचा उजेड पहिल्यांदाच गाळ्यात सरळ, भरपूर आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. विटांच्या चुन्याच्या बाजू वर आल्या होत्या. ढिगाऱ्यातही त्या नव्या, पांढऱ्या दिसत होत्या. आता त्यांना वास नव्हता. वास नाल्याच्या गाळाचा होता. चरख्याचं चाक एका विटेखालून अर्धं बाहेर आलं होतं, आणि कुणीतरी त्यावरचं सूत गोळा करून नीट बाजूला ठेवलं होतं.

संध्याकाळी कचेरीची माणसं आली. उरलेल्या भिंतीवर त्यांनी लाल रंगात 'धोकादायक' असं लिहिलं. तो इंजिनिअरही आला होता. ढिगाऱ्यापाशी उभा राहून तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, मी हात लावला होता. तुमच्यासमोर लावला होता."

"हो," मी म्हणाले.

त्यानं आणखी काही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी अनेकदा स्वतःला म्हणते. त्यानं विचारलं नाही. त्याच महिन्यात आमची परवानगी मंजूर झाली: आहे त्याच जागी, आहे त्याच मापात. नकाशातली प्रत्येक गोष्ट तशीच मान्य झाली, मागचं दारसुद्धा.

अक्काला कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याच्या इस्पितळात ठेवलं होतं. मी रोज जात असे, पण पहिले बरेच दिवस ती गुंगीत असायची. कंबरेखाली तिला काही लागत नव्हतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता लागणारही नाही. मी आत आले तेव्हा ती जागी होती. छताकडे बघत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं चादरीच्या कडेवर फिरत होती, अंगठा आणि तर्जनी, सूत चाचपावं तशी. खोलीत औषधी फिनाइलचा वास होता आणि पंख्याचा आवाज. पलंग अगदी स्थिर होता.

"गाळा बंद हाय का, ताई?" तिनं विचारलं.

"बंद आहे. नवी भिंत बांधतोय."

"माझा चरखा?"

"चाचांनी ठेवलाय."

तिची बोटं पुन्हा चादरीची कड चाचपू लागली. मग म्हणाली, "तो साहेब खरंच आला होता?"

"आला होता."

"आत आला होता? का दारातून बघून गेला? दारातूनच बघतात, मला ठाऊक हाय."

"आत आला होता, अक्का. बूट काढून आला होता. तुझ्या पाटावर चढला होता."

"माझ्या पाटावर?" तिच्या ओठांवर किंचित हसू आल्यासारखं झालं. मग तिच्या कपाळावर आठी पडली. "भिंतीला हात लावला त्यानं?"

"लावला. दोन्ही हात. डोळे मिटून उभा होता."

"मग त्याला कळलं कसं नाय?" ती पुटपुटली. ते तिनं मला विचारलं नव्हतं. जिच्या पाठीला इतकी वर्षं ती भिंत रोज कळत होती, तिला हे खरोखरच समजत नव्हतं. तिची बोटं चादरीवर थांबली. हिशेब कुठे अडतो आहे ते शोधावं तशी ती छताकडे बघत राहिली: सोमवार ते गुरुवार, शनिवार, रविवार, ती नेहमी तिथे होती, आणि तिनं त्या माणसाला एकदाही पाहिलं नव्हतं.

मग तिनं मान हळूहळू वळवली. तेवढीच तिला वळवता येत होती. माझ्या डोळ्यांत बघत तिनं विचारलं,

"कधी?"